कूलर बंद, गिटार वाळतेय

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी, नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या घरात माझ्या इलेक्ट्रिक गिटारचे डोके मोडले. डोके म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाचा चपटा भाग. तारा ताणणाऱ्या सहा खुंट्या त्यावर बसवलेल्या असतात. मान जिथे संपते आणि डोके सुरू होते तिथेच लाकूड गेले होते. आडवे नव्हे, तिरपे, ऊस मोडताना जातो तसे. तारा तुटल्या नव्हत्या. त्यामुळे डोके गळून पडले नाही, तारांना लोंबकळत राहिले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि देवगडे मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होते. महिनाअखेरीला धरमपेठेतल्या मैदानावर आमचा कार्यक्रम ठरलेला होता.

मोडण्याचे कारण साधे होते. आमच्याकडे वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरला जाई आणि तो काटोलजवळच्या गावाहून नामदेवमामा घेऊन येई. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, संत्र्याची बाग आणि थोडी कोरडवाहू जमीन सांभाळणारा. त्या दुपारी त्याने रिक्षातून गव्हाचे पोते पाठीवर घेतले, उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आला आणि नेहमीच्या कोपऱ्यात ते टाकले. कोपऱ्यात गिटार उभी होती. आईने तिला जुन्या गोधडीची खोळ शिवली होती. मामाला ती उशांची वळकटी वाटली. आवाज फार मोठा झाला नाही. पोते बसल्याचा धप्प आवाज आणि त्याच्या खाली, किंचित उशिराने, सहा तारांचा एक बारीक गोंधळ.

"काय केलं गा नामदेव?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काई नाई वं बाई. उशा होत्या, त्याईच्यावर पडलं पोतं."

"उशा वाजतात काय गा?"

मी खोळ उघडली. मामाने पाहिले, पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले आणि जमिनीवर बसून राहिला. नंतर पाणीही मागितले नाही. आईने दिलेला तांब्या त्याच्यासमोर तसाच होता.

ती गिटार माझ्याकडे कशी आली, हे सांगणे आवश्यक आहे, कारण दुसरी आणता येण्यासारखी नव्हती. कामठी रोडला रेल्वेच्या बंगल्यांमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कुटुंब राही. त्यांच्या घरातल्या डोरीन आंटीकडे मी इंग्रजी बोलायला शिकायला जात असे. इंग्रजी बेताचेच आले. गिटार मात्र आली. आंटी स्वयंपाक करता करता मागे वळून न पाहता सांगायची, "राँग फिंगर, चाइल्ड," आणि बोट खरेच चुकलेले असे. ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा जड सामान इथेच राहिले. कपाट शेजाऱ्यांनी घेतले, कुत्रा चर्चच्या माळ्याने नेला आणि गिटार मला मिळाली. कोणत्या कंपनीची होती हे सांगता येत नाही. डोक्यावरचे नाव आधीच घासून गेले होते. रंग लाल होता आणि कडांना काळा होत जात असे. माझ्या माहितीत तेव्हा शहरात अशा आणखी दोनच गिटारी होत्या. एक चर्चच्या बँडकडे होती, ती बाहेर जात नसे. दुसरी आमच्या प्रतिस्पर्धी ऑर्केस्ट्राकडे होती, ती आमच्याकडे येणे शक्य नव्हते.

घरात माझ्या वाजवण्याला विरोध नव्हता आणि कौतुकही नव्हते. आवाज मोठा करणारे यंत्र मास्तरांकडे असे. घरी वाजवताना नुसत्या तारांचा पातळ किणकिणाट ऐकू येई. आई त्याला "तुह्या डब्याचा आवाज" म्हणे. बाबा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ कारकून होते. ते संध्याकाळी घरी येत, पाय धूत, कूलरसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसत आणि गिटारविषयी काही बोलत नसत. तीन वर्षांत त्यांनी त्या वाद्याबद्दल मला एकच प्रश्न विचारला होता : "ही विजेवर चालते तर झटका बसत नाही?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली.

कूलरबद्दलही लिहिले पाहिजे. आज माझ्या घरात भिंतीवर वातानुकूलन यंत्र आहे आणि ते चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी दिवा पाहावा लागतो. तेव्हाचा कूलर चालू असला की गल्लीला कळे. बाबांनी तो इतवारीतल्या पत्र्याच्या कारागिराकडून करवून घेतला होता. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत जुन्या पंख्याची मोटर, वर पन्हाळ. पन्हाळीत बादलीने पाणी ओतावे लागे. ओतले की आधी टप टप, मग घुर्र असा आवाज आणि मग वाळ्याचा वास घरभर. नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोरची जागा ही घरातली सर्वात मोलाची जागा होती आणि ती मानाप्रमाणे दिली जाई. पाहुण्याला तिथे बसवत. बाळंतीण तिथे झोपे. तापाने फणफणलेल्या माणसाची खाट तिथे सरकवत. फुलांची परडी, लग्नाचे विडे, जपायचे असे जे जे असेल ते कूलरसमोर जाई. उन्हाळ्यात जपणे म्हणजे गार ठेवणे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. ते माहीत होते.

मोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिहर्सलला रिकाम्या हाताने गेले. देवगडे मास्तर अकॉर्डियन वाजवत आणि ऑर्केस्ट्रा चालवत. शाळामास्तर ते कधीच नव्हते. अकॉर्डियनमुळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"माणूस मोडला तर त्याले सुट्टी देता येते. प्रोग्रॅमले नाही देता येत," ते म्हणाले. "त्या दिवशी स्टेजवर गिटार वाजली पाहिजे. तुही वाजो, नाहीतर दुसऱ्याची. जबलपूरले एक पोरगा आहे. मी त्याले बोलावून ठेवतो."

"एका कार्यक्रमापुरता?"

"हे पाहा बेटा, थो एकदा इथं आला अन् त्याचं हॉटेलातलं जेवण सुरू झालं, की थो जात नसते."

त्यांचे म्हणणे मला समजले. ऑर्केस्ट्रात जागा लिहून दिलेली नसते. ज्याच्या हातात वाद्य, त्याची खुर्ची. मुलीची खुर्ची एकदा गेली की ती परत मिळाल्याचे उदाहरण मला माहीत नव्हते.

मामा गावी परत गेला नाही. तो मला घेऊन महाल भागातल्या चितार ओळीत गेला. तिथे शामराव मिस्त्री नावाचे सुतार तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली लहान मुले चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. त्यांतले सर्वात मोठे आणि सर्वात महाग बैल शामरावांचे असत, निदान ते स्वतः तसे सांगत. ते आवाजाने मोठे होते, अंगाने त्याहून मोठे होते आणि समोर आलेल्या प्रत्येक कामाविषयी त्यांचे मत तयार असे. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी केली आणि खुंट्या फिरवून पाहिल्या.

"याचं मुंडकं कायले जोडता? माह्याजवळ बैलाचं आहे तयार. शिंगाले तारा बांधू. स्टेजवर एकदम फर्स्टक्लास दिसन."

मामा हसला नाही. "मिस्त्री, पोरगीचं काम हाय."

"मस्करी करून राहिलो गा. माह्या बैलाचं शिंग उपटून दाखवा कोणी, हे दुकान नावावर करून देतो. शिंग म्हणजे हेच तं आहे. तिरपं लाकूड, तिरपा जोड."

त्यांनी सरस तापवला. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सुतारांचा डिंक. त्याचा वास ज्याने एकदा घेतला त्याला पुन्हा सांगावा लागत नाही. मोडलेल्या दोन्ही तोंडांना सरस लावून त्यांनी डोके जागेवर बसवले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून जोडावर करकचून गुंडाळली. मामाचे त्याने समाधान झाले नाही. बैलगाडीची दांडी अशी तिरपी गेली की नुसत्या डिंकावर भरवसा ठेवत नाहीत, मागून पट्ट्या घालतात, असे तो म्हणाला. शामराव म्हणाले, "हे गाडी नाही, पाव्हणे. इथं बैल नाही जुंपत." नीट सुकू द्या आणि मगच तारा चढवा, एवढे सांगून त्यांनी गिटार आमच्या हवाली केली.

घरी आणल्यावर ती कुठे ठेवायची यावर चर्चा झाली नाही. बाबा कार्यालयातून आले, त्यांनी ट्यूब गुंडाळलेली मान पाहिली आणि स्वतःची वेताची खुर्ची उचलून बाजूला ठेवली. त्या जागी दिवाण ओढला. दिवाणावर घोंगडी घातली. "इथं ठेव," ते म्हणाले. "गार जागा आहे." ती जागा त्यांनी आमच्या घरात कोणासाठी सोडल्याचे मला आठवत नाही, आजारी माणसे आणि पाहुणे वगळता. ते स्वतः त्या दिवसांत दाराजवळच्या स्टुलावर बसत. तिथे कूलरची हवा पोहोचत नसे. पेपर वाचता वाचता ते मध्येच उठत, कूलरची पन्हाळ पाहत आणि आईला म्हणत, "पाणी कमी दिसून राहिलं, एक बादली टाक." त्या आठवड्यात आमचा कूलर जितका चालला तितका कधी चालला नसेल.

दिवस नेहमीचे होते. आई पहाटे उठून कुरड्यांचा चीक शिजवी. मी साच्याने गच्चीवर कुरड्या घाली आणि ऊन चढायच्या आत खाली येई. मामा पत्र्याचे डबे उन्हात तापवून त्यांत गहू भरी. दुपारी दारे-खिडक्या बंद. जेवायला आमरस आणि काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे, पन्हे, कच्चा कांदा. कूलरची घुर्र आणि त्याच्यासमोर दिवाणावर आडवी लाल गिटार. शेजारच्या बाई पाहून गेल्या आणि आईला विचारू लागल्या की हिला पथ्यपाणी काय देता.

आठवडा भरल्यावर मी ट्यूब सोडली. जोड दिसायला उत्तम होता. मी तारा चढवल्या आणि जाड तारेपासून हळूहळू ताणायला सुरुवात केली. चौथ्या तारेला जोड उघडला. आवाज झाला नाही; झोपेतल्या माणसाचे तोंड उघडावे तसा तो उघडला. आत पाहिले तर सरस सुकलाच नव्हता. बोट लावले की गुळाच्या पाकासारखी तार येत होती. वास पहिल्या दिवशी होता तसाच होता.

"मिस्त्रीनं फसवलं," मामा म्हणाला.

बाबांनी गिटार हातात घेतली, जोडाला बोट लावले, नाकाशी नेले. मग घोंगडी उचलून हाताने चाचपली. ती ओलसर होती. दिवाणामागच्या भिंतीला पापुद्रे आले होते. त्यांनी भिंत पाहिली, कूलर पाहिला आणि गिटार परत माझ्या हातात दिली.

"मिस्त्री नाही," ते म्हणाले. "आपण."

त्यांनी उठून कूलर बंद केला. घुर्र थांबली तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. वीज गेली असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चितार ओळीत आमच्याबरोबर आले. शामरावांनी जोड पाहून आधी आवाज चढवला, मग कूलरचे ऐकून घेतले आणि बसल्या बसल्या स्वतःची मांडी थोपटून हसले. "बापा! सरसाले कूलरसमोर ठेवलं? अहो, पापड नळाखाली वाळवता काय तुम्ही?" बाबा म्हणाले, "हो, तसंच झालं." शामरावांनी हसू आवरून पुन्हा सरस तापायला ठेवला. यावेळी मामाच्या पट्ट्यांचा विषय पुन्हा निघाला. शामरावांनी थोडी कुरकुर केली, पण मानेच्या मागच्या बाजूने, जोड ओलांडून जातील अशा दोन खाचा पाडल्या आणि त्यांत शिसवाच्या दोन पट्ट्या सरसात बुडवून ठोकून बसवल्या. बसवून झाल्यावर ही युक्ती आपलीच असल्यासारखे ते मामाला समजावून सांगू लागले. मामाने मान डोलावली. पुन्हा ट्यूब गुंडाळली. गिटार त्यांच्या दुकानात ठेवता आली नाही. त्यांच्या मुलीचे लग्न रामटेकला होते आणि ते त्याच संध्याकाळी कुलूप लावून निघत होते.

"कोरड्या जागी निजवून ठेवा, अन् हलवू नका. हलवली तं पट्ट्या सरकतात. अन् थो कूलर," ते बाबांना म्हणाले, "थो बंद. सुकेपर्यंत बंद. जमन काय?"

"जमेल," बाबा म्हणाले.

आमचे घर दोन खोल्यांचे होते. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर; तिथे चुलीची वाफ. गच्चीवर ऊन इतके, की लाकूड तडकले असते. राहिली बाहेरची खोली आणि दिवाण. गिटार तिथे निजवली. नागपुरात त्या आठवड्यात पारा किती होता याची नोंद माझ्याकडे नाही. मात्र पाण्याचा माठ बाहेरून कोरडा पडत होता आणि भिंतीला पाठ लावता येत नव्हती. छतावरचा पंखा गरम हवा ढवळत होता. मामा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसे. आईने स्वयंपाक पहाटे उरकायला सुरुवात केली. बाबा कार्यालयातून येत, पाय धूत आणि दाराजवळच्या स्टुलावर बसत. कोणी कूलरचे नाव काढले नाही. शेजारच्या बाईंनी एकदा विचारले, "कूलर बिघडला काय वं?" आई म्हणाली, "नाई. गिटार वाळून राहिली."

या दिवसांत अमरावतीहून प्रमिलाआत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती एकटी आली नाही. बातमी घेऊन आली. वर्ध्याची माणसे मला पाहायला उद्याच येणार होती. मुलगा वीजमंडळात इंजिनिअर होता. आत्याने आम्हाला न विचारता दिवस ठरवला होता. आमच्याकडे वडील माणसे तसे करत. खोलीत पाऊल टाकताच तिने पदराने वारा घेतला आणि दिवाणाकडे पाहिले.

"हे काय निजवलं?"

"शैलाची गिटार. जोड सुकून राहिला," बाबा म्हणाले.

"अन् कूलर?"

"बंद आहे."

"मोडलं थे बरं झालं म्हणावं, तं तुम्ही त्याची सेवा करून राहिले?" आत्या म्हणाली. "उद्या पाहुणे कुठं बसवशील गा? उचल ते."

"हलवायची नाही," बाबा म्हणाले.

आत्याला वाटले, सकाळपर्यंत ते वळतील. आईलाही तसेच वाटले असावे; पण हे माझे अनुमान आहे, तिने कधी सांगितले नाही. मी स्वतः काय ठरवले होते ते सांगते. गिटार उचलायला सांगितली तर मी उचलणार होते. धरमपेठेतला कार्यक्रम आठवड्यावर होता. तिसऱ्यांदा जोडायला ना वेळ होता ना मिस्त्री. उचलली असती तर जबलपूरचा मुलगा माझ्या खुर्चीवर बसला असता, एवढे मला कळत होते. तरीही उचलणार होते. एकोणीस वर्षांची मुलगी, समोर पाहुणे, वर आत्या. मला कोणी उचलायला सांगितले नाही.

पाहुणे दुपारी चारला आले. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक काका. बाबांनी शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून त्या दिवाणाच्या दोन्ही बाजूंना मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एकेक स्वच्छ धुतलेला पंचा होता. पाहुणे बसले. मध्ये गिटार. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी ती बैठक दिसत होती. मी पन्ह्याचे पेले आणि पोहे घेऊन आले. मुलाच्या वडिलांच्या सफारीला पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. ते कूलरकडे पाहत होते. मोटर, वाळा, पन्हाळ, सगळे जागेवर होते.

"बिघडला वाटते," ते म्हणाले.

"नाही. चांगला आहे," बाबा म्हणाले. "या गिटारचा जोड सुकून राहिला. कूलरच्या ओलीनं सुटतो. एकदा सुटला. तुम्हाले त्रास होऊन राहिला, मले माहीत आहे. पंचे ठेवले आहेत."

"अहो, तासभर लावा. तासाभरात काय होते?"

"पहिल्यांदाही आम्हाले तसंच वाटलं होतं."

आत्या उठली. तिने कूलरचे बटन दाबले. मोटर घुरघुरली, वाळ्याची धूळ उडाली. बाबा उठले, बोर्डाशी गेले, कूलरची पिन उपटली, वायर नीट गुंडाळून कूलरवर ठेवली आणि परत येऊन बसले. आत्या त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी होती. त्यांनी तिचा शब्द मोडल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते.

काकांनी पंचा उचलून मान पुसली. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिले. "हे तू वाजवतेस?"

"हो."

"कुठं?"

"ऑर्केस्ट्रात. येत्या शनिवारी धरमपेठेत कार्यक्रम आहे."

"अन् लग्नानंतर?"

मी बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "तिच्या हातात आहे ते. आम्ही फक्त सुकवून राहिलो."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. त्याने वाकून ट्यूब गुंडाळलेली मान पाहिली आणि विचारले, "तारांचा ताण किती येत असेल?" त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते, असे मला वाटले. माझ्याजवळ आकडा नव्हता. मामा माठाजवळून म्हणाला, "पोतं उचलते तितका." मुलगा हसला. त्याच्या वडिलांनी घड्याळ पाहिले. पोहे संपवून ते उठले. निरोप आत्याकडे चार दिवसांनी आला : मुलगी चांगली आहे, बाप विचित्र आहे. आत्याने तो बाबांना शब्दशः ऐकवला. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." पुढे माझे लग्न झाले ते वेगळ्या घरात, वेगळ्या वर्षी, आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

पाहुणे गेल्यावर आत्या जेवली नाही. संध्याकाळी आईने तिला गच्चीवर नेले, पाणी शिंपडले, चटई टाकली. खाली आली तेव्हा आई मला म्हणाली, "तुही आत्या म्हणून राहिली, थे डबं वाजलं नाई ना, तं मी नरसूले सोडणार नाई." नरसू म्हणजे बाबा. त्यांना या नावाने हाक मारणारी एवढी एकच व्यक्ती उरली होती.

बुधवारी ट्यूब सोडली. सोडताना घरातली सगळी माणसे दिवाणाभोवती होती. जोड कोरडा होता. नखाने टोकरला तर काचेसारखा वाजला. मागच्या दोन पट्ट्या लाल रंगात काळ्या दिसत होत्या. शामराव नसल्याने त्या मामाने काचेच्या तुकड्याने घासून हाताला लागणार नाहीत अशा केल्या. तारा मी एका दिवसात ताणल्या नाहीत. बुधवारी सैल, गुरुवारी अर्ध्या, शुक्रवारी पूर्ण सुरात. प्रत्येक वेळी मामा जोडाला कान लावून बसे. गाडीची दांडी मोडायच्या आधी आतून बोलते, असे तो म्हणे. शुक्रवारी तो कान काढून म्हणाला, "बोलत नाई." त्यानंतर त्याने गावी जाण्याची पिशवी भरली; पण गेला नाही, कार्यक्रम पाहूनच जातो म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी कूलर सुरू केला आणि गिटार माझ्याबरोबर रिहर्सलला धाडली.

मास्तरांनी आधी जोड पाहिला. मग म्हणाले, "जबलपूरचा आलेला आहे. त्याले स्टेजच्या बाजूले बसवतो. मधातच तुटली तं?"

"बसवा," मी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मैदान भरले. खुर्च्या पुढे, सतरंज्या मागे, कुंपणाबाहेर सायकलींवर बसलेली माणसे. जबलपूरचा मुलगा स्टेजच्या डाव्या बाजूला आपली गिटार मांडीवर घेऊन तयार बसला होता. चेहऱ्याने सज्जन होता. त्याने माझ्या गिटारची मागची बाजू पाहायला मागितली. मी दाखवली. "बढ़िया काम है," तो म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणाला. पडदा वर गेल्यावर पहिले वाजवायचे ते आमचे स्वतःचे सुरुवातीचे संगीत होते; त्यात अकॉर्डियन थांबते आणि गिटार एकटी वर चढत जाते. सर्वात वरच्या सुरावर तार ओढून धरावी लागते. जोडावर सर्वात जास्त ताण येतो तो तिथे. मी तार ओढली. यंत्राच्या कर्ण्यातून तो सूर मैदानभर गेला, कुंपणाबाहेर गेला आणि मी तो धरून ठेवला. मास्तरांनी ठरल्यापेक्षा उशिरा पुढची खूण केली. माझ्या मते त्यांनी ते मुद्दाम केले. मागच्या सतरंज्यांवरून शिट्ट्या आल्या.

पुढच्या रांगेत आई, आत्या, बाबा आणि मामा बसले होते. गिटारचा खरा आवाज आमच्या घराने त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. मध्यंतरात मी खाली उतरले तेव्हा आत्या म्हणाली, "काय वं, घरी तं डब्यासारखी वाजते. इथं एवढी कशी काय?" मग ती बाबांकडे वळली. "अन् तू रे, वर्धेवाल्यांले हे ऐकवायला पाहिजे होतं. नुसतं निजवून दाखवलं."

बाबा म्हणाले, "तेव्हा ओली होती."

जबलपूरच्या मुलाने मध्यंतरात भजी खाल्ली, मास्तरांच्या पाया पडला आणि गिटार खोळीत घालून स्टेशनकडे निघाला. दुसऱ्या अर्ध्या भागात डावीकडचे स्टूल रिकामे होते. शेवटचे गाणे संपले, पडदा पडला. मास्तर अकॉर्डियनचा पट्टा सोडत माझ्यापाशी आले आणि पुढचा कार्यक्रम अकोल्याला आहे, असे म्हणाले. मी गिटार उताणी मांडीवर घेऊन एकेक तार तपासली. पहिली तार किंचित उतरली होती. गिटार मोडण्याआधीही ती उतरायची. बाकीच्या पाच सुरात होत्या. जोड हलला नव्हता.